नानांच्या नावाचा ओटा

त्रिंबकनं खांद्यावरचा दोर उतरवला, कुऱ्हाड ओट्याला टेकवली आणि सांगितलं, "हळदीकुंकू आणा. झाडाची माफी मागितल्याबिगर मी हात लावत न्हाई."

सहा महिने ऊसतोडीला जाणारा हा गडी उरलेल्या दिवसांत डोंगरावरच्या वाड्यांवर झाडं उतरवायचा. पालीपासून वर लिंबागणेशापर्यंत कुणाच्या घरावर झाड झुकलं की बोलावणं त्यालाच. आज ते अमरसिंहांच्या अंगणातल्या कडुलिंबासाठी होतं.

सून रोहिणी तबक घेऊन आली. त्रिंबकनं मान हलवली. "ज्यानं पाणी घातलं त्यानं माफी मागायची. कुणी घातलं?"

सगळ्यांनी अमरसिंहांच्या आईकडं, सत्यभामाबाईंकडं पाहिलं. त्या सकाळपासून उंबऱ्यात बसून होत्या. "मी कशी लावू कुंकू?" त्या पुटपुटल्या. "हे जाऊन तीन वर्सं झाली."

"झाडाला त्याचं काय, माय? त्याला तुमचा हात ठावा हाय."

बाई उठल्या. मुलाचा राग करावा तर त्याचंही खोटं नव्हतं. दोन वर्षांत झाड शेंड्याकडून वाळत खाली आलं होतं. परवाच्या वावटळीत मांडीएवढी फांदी पत्र्यावर कोसळली, आणि पत्र्याखाली घटकाभर आधी नातीची झोळी टांगलेली होती. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, तोडू नका म्हणून? पण मुरमाड माळावर कळशी-कळशी पाणी वाहून नवरा-बायकोनं ते जगवलं होतं. नाना गेल्यावर बाई त्या झाडाशीच बोलायच्या. ते गेलं तर बोलायचं कुणाशी?

त्या वाकल्या आणि कुंकवाचं बोट ओट्याच्या फरशीला टेकवायला गेल्या.

"ओट्याला नको. मुळाला लावा."

बाईंनी बुंध्याभोवती हात फिरवला. फरशी थेट सालीला जाऊन भिडलेली, आणि मधली फट पांढऱ्या सिमेंटनं लिंपलेली. त्या एक फेरी मारून आल्या. "मूळ कुठंय रे?"

त्रिंबक जवळ आला. ओटा त्याच्या कमरेला लागत होता. नानांच्या वर्षश्राद्धाला अमरसिंहांनी तो हौसेनं बांधला होता. वर संगमरवरी पाटी. तिच्यावर 'कै. शिवशंकरराव यांच्या स्मरणार्थ' बोटाएवढं, आणि 'अमरसिंह, माजी सदस्य, पंचायत समिती' वीतभर. पुढारी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

"मालक, ह्याच्या पोटात काय भरलंय?"

"मुरूम. वरून काँक्रीट. पक्कं काम हाय, मिस्त्री बीडहून आणला व्हता."

"आन् पयली जमीन?"

अमरसिंहांनी पायाखाली बोट दाखवलं.

त्रिंबकनं कपाळावर हात मारला. "आवो, जितं झाड कमरंएवढं पुरलंय की तुमी! मुळ्यांनी दम घ्यायचा कुठून?"

"मग आमाला आदी कावून न्हाई सांगितलं कुणी?"

"तुमी पुढारी. तुमाला कोण सांगणार?"

एवढं बोलून तो झाडावर सरसर चढला. शेंड्याजवळ कमरेच्या कोयत्यानं साल खरवडली. वाळलेली. हातभर खाली उतरला. तीही वाळलेली. बाईंनी खाली तबक छातीशी घट्ट धरलं होतं. त्रिंबक आणखी खाली आला, दोन जाड फांद्यांच्या दुबेळक्यात पाय रोवला, खरवडलं आणि ओरडला, "हिरवं हाय! माय, इथून खाली समदं हिरवं हाय!"

"जगंल?"

"ओटा फुटला तर जगंल. वाळलेलं तेवढं मी दोरानं उतरवतो. मग घराला भ्या न्हाई."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. अमरसिंह मात्र पाटीकडं बघत उभे. "म्हंजे नानांची आठवण फोडायची? लोक काय म्हणतील, आई?"

"आरं, नाना कवा बसले रे फरशीवर? बुंध्याला पाठ लावून मातीत बसायचे. धोतराचं बूड रोज मी घासायचे. तुझ्या ओट्यावर दोन वर्सांत कुत्रं बी बसलं न्हाई. चटके बसत्यात."

अमरसिंहांनी इस्त्रीचा सदरा काढून रोहिणीच्या हातात दिला आणि पहार उचलली. पहिला घाव पाटीच्या शेजारीच बसला.

दिवस कलला तोवर मुरूम उपसून झाला होता. जाडजूड मुळ्या उघड्या पडल्या, ओलीनं काळ्या झालेल्या. त्रिंबकनं एका मुळीला नख मारलं आणि हसला. वाळलेल्या फांद्या दोराला बांधून त्यानं एकेक करून खाली सोडल्या होत्या. पत्र्याला धक्काही लागला नव्हता. "पावसापतूर असंच उघडं ऱ्हाऊ द्या," त्यानं बजावलं. "मायेनं बी माती लोटायची न्हाई."

सत्यभामाबाईंनी तेच सकाळचं तबक घेतलं आणि मुळीला कुंकू लावलं. माफी तर मागायचीच होती. अमरसिंहांनीही मुकाट्यानं हात जोडले.

पाटी अखंड निघाली होती. "हिचं काय करू, आई?"

"नानांचं नाव देव्हाऱ्याच्या भिंतीला लाव. तुझं तेवढं कापून मोरीत टाक, धुणं आपटाय बरं."

अमरसिंहसुद्धा हसले. रोहिणी झोळी बांधायला दोरी शोधू लागली.

बाई सावकाश मुळ्यांपाशी गेल्या. ओल्या मातीत बसल्या. बुंध्याला पाठ टेकली, पाय लांब केले आणि शेजारच्या मोकळ्या जागेला कोपरानं हलकेच ढोसून म्हणाल्या, "आवो, सरका की जरा."