छायेचं मत

सरपंचपदाच्या मोजणीत विमलताई एका मतानं पुढे होत्या आणि टेबलावर एकच पाकीट उरलं होतं. ते त्यांच्या धाकट्या भावाचं, निवासचं.

मतदानाला जो येऊ शकत नाही, त्याच्या वतीनं त्याची छाया मत देते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस फोनवर जे बोलतो ते ऐकून ऐकून ती त्याच्यासारखा विचार करायला शिकते. मस्कतला असलेल्या निवासचं मत तिनं सकाळीच देऊन टाकलं होतं. पण केंद्र बंद व्हायच्या बेताला तो स्वतःच धापा टाकत येऊन उभा राहिला आणि त्यानं स्वतः दिलेलं मत वेगळ्या पाकिटात ठेवलं गेलं. बहिणीसाठी पोरगा समुद्र ओलांडून आला म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

"राहू द्या की ते पाकीट, साहेब," निवास म्हणाला. "ताई आलीच आहे निवडून."

"माणूस आला की छायेचं मत रद्द," अधिकारी म्हणाले. छायेनं विमलताईंना दिलेलं एक मत त्यांनी वजा केलं. आता दोन्ही बाजू बरोबरीत आल्या.

"फोडा हो," विमलताई हसल्या. "माझ्या भावाचंच आहे ते."

आतल्या कागदावर शिक्का शिडीवर होता. शिडी ही विरोधात उभ्या असलेल्या जगतापांची निशाणी.

बाहेर गुलाल उधळला गेला. निवास जवळ आला. "ताई, अगं, तसं नाही..."

"तुझ्या छायेपेक्षा मी शहाणी कुठली रे?" विमलताई म्हणाल्या. "दर रविवारी तू फोनवर जे बोलायचास, ते त्या बिचारीनंसुद्धा खरंच धरलं."