टेपेची खिट्टी

“समजा, राजदीप नाही,” मॅनेजर साहेब म्हणाले आणि त्यांनी राजदीपला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. “आता तोंडातून अक्षर काढायचं नाही. नसलेला माणूस बोलतो का?”

राजदीप बसला. नसलेला माणूस व्हायला इतका उतावीळ झालेला माणूस गडचांदुरात दुसरा नसेल.

सिमेंट कारखान्यातली ही एकच खोली थंडगार. बाहेर खाणीतल्या सुरुंगांची धूळ, आणि आत काचेमागं सर्व्हर. साऱ्या मजुरांची हजेरी, साऱ्या ट्रकांची वजनं त्याच्या पोटात. तो रुसला की समजूत काढणारा राजदीप एकटाच, म्हणून त्याला ना रविवार ना सण. बायको संघप्रिया गडचिरोलीला शिक्षिका. लेक पायल फोनवर विचारायची, “बाबा, तुम्ही आमच्या घरी कधी येता?” त्या ‘आमच्या’वर त्याचं जेवणावरचं मन उडायचं.

शेवटी साहेबांनी कबूल केलं होतं. संकट आलं तर काय करायचं ते सगळं लिहून काढ, हाताखालच्या प्रफुलला शिकव. तुझ्याशिवाय सर्व्हर पुन्हा उभा राहिला, की त्याच दिवशी गडचिरोलीच्या सिमेंट डेपोत बदली. राजदीपनं जीव ओतून शिकवलं. प्रफुल हुशार, एकदा सांगितलेलं विसरत नसे.

साहेबांना मात्र लुटूपुटूचं चालत नाही. त्यांनी राजदीपच्याच हातून सर्व्हर खरोखर रिकामा करवला. आधी दुसरी टेप मागवू, मग पुसू, असं तो परोपरीनं सांगत होता. “तुझा तुझ्याच योजनेवर भरवसा नाही?” साहेब म्हणाले, आणि त्याला पुसावं लागलं.

आता सगळा कारखाना एका टेपेवर होता. काडेपेटीहून जराशी मोठी डबी. रोज संध्याकाळी तिच्यावर सर्व्हरची नक्कल उतरायची. कारखान्याला आग लागली तरी नक्कल वाचावी म्हणून ती रात्री इथं ठेवायची नाही, हा राजदीपचाच नियम. त्यामुळं ती प्रफुलच्या डब्याच्या पिशवीतून त्याच्या गावी जायची, तांदळाच्या कोठीत झोपायची आणि सकाळच्या बसनं परत यायची.

प्रफुलनं टेपेवरचा कोंडा फुंकला. तिच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती लावलेली असली की टेपेवरचं वाचता येतं, पण तिच्यावर नवं काही लिहिता येत नाही. राजदीप ती रोज स्वतः लावायचा.

प्रफुलनं ती नखानं सरकवून उघडली आणि टेप आत घातली.

पडद्यावर दोन ओळी आल्या, टेपेवरून सर्व्हरवर आणि सर्व्हरवरून टेपेवर. प्रफुलनं खालची निवडली. म्हणजे रिकामा सर्व्हर टेपेवर उतरणार, आणि होतं नव्हतं ते पुसलं जाणार. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

दारात नीलाबाई चहा घेऊन उभी होती. तिची सून खाणीत दगड भरायला जायची.

“साहेब, बायांचा दिवाडीचा पगार टायमावर होईन ना?”

“हजेरी आहे ना त्यात सगळी. होईल.”

राजदीपनं जीभ दातांखाली दाबून धरली. पायल डोळ्यांसमोर आली. मग नीलाबाईच्या हातातले कप किणकिणले. प्रफुलचं बोट बटणावर होतं, आणि ते खाली जात नव्हतं. तो पडद्याकडं बघतच नव्हता. समोरच्या काचेत स्टुलावरचा राजदीप दिसत होता, प्रफुल तिकडं बघत होता.

“थांब!” राजदीप ओरडला.

पुढचं त्यानंच केलं. चहा संपायच्या आत सर्व्हर उभा राहिला.

“पाहिलंस?” साहेब खूश होते. “म्हणून तर तुला सोडता येत नाही.” त्याची पाठ थोपटून ते गेले. नीलाबाई कप उचलून त्यांच्या मागोमाग गेली.

थंड खोलीत दोघंच उरले.

“ज्याले येत नाई, तो खिट्टीले हात लावत नाई, प्रफुल,” राजदीप म्हणाला. “तुले सारं येत होतं.”

प्रफुलनं मान खाली घातली. “तुमी शिकवलं, मंग येनारच ना, भाऊ.”

“मंग काऊन?”

“तुमी गेले असते, तर तुमच्या जागी रातदिस इथं कोन अडकलं असतं? माही बी पोरगी लहानच हाय.”

“अन मी बोललोच नसतो तर?”

“तुमी बोलले नसते, असं होते का?”

राजदीपला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली. हात उचलला गेला नाही. संध्याकाळी भोंगा झाला, प्रफुलच्या गावाकडं जाणारी बस फाटकाशी लागली. संध्याकाळची नक्कल उतरून झाली होती; राजदीपनं खिट्टी नखानं घट्ट लावली आणि टेप प्रफुलपुढं धरली.

“ने,” तो म्हणाला. “इचं बरं आहे. रोज घरी जाते.”