स्मशानातला झोपाळा

"पुनवेच्या आत हा उतरव," त्रिकमबापांनी काठीने कडुलिंबाकडे दाखवलं. "त्या दिवशी महाजनाची सभा इथेच आहे. गावाने मला हसायला नको."

कडुलिंबाखाली लोखंडी चौकटीला झोपाळा टांगलेला होता. फळीपासून साखळ्यांपर्यंत सगळा हिरव्या रंगाने रंगवलेला. वाऱ्याने तो जरा हलला आणि वरची कडी करकरली. बापांच्या कपाळाला आठी पडली.

"आणि त्यात हा आवाज. चितेवरचा उठून बसेल, वालजी."

कडीला तेल घालतो, असं वालजी हळूच म्हणाला. तेलाने हे भागणार नाही, असं बापांनी सुनावलं. त्यांच्या घरी ओसरीवर राजकोटहून आणलेला नवा झोपाळा होता. त्याला आवाज म्हणून नव्हता. पण झोपाळ्याची जागा ओसरीवर. मसणात कुणी झोके घेतं का?

वालजी भादर नदीकाठच्या या स्मशानाचा राखणदार आणि बापा महाजनाचे, म्हणजे गावच्या पंचमंडळाचे, प्रमुख. वालजी आला तेव्हा इथे बाभळीची झुडपं आणि कुत्री होती. पावसाळ्यात लोक चितेवर छत्र्या धरून लाकडं फुंकत. वालजीने मागे लागून छप्पर घालून घेतलं, चितेसाठी लोखंडी जाळी बसवून घेतली, नळ आणला, कडुलिंब वाढवला. बापा प्रत्येक वेळी आधी नाही म्हणाले आणि मग हो म्हणाले. झोपाळ्यापाशी मात्र त्यांचं डोकं फिरलं. गावानेही त्यांची री ओढली. न्हावी म्हणाला, भुतांच्या पोरांची सोय झाली. कुणी म्हणालं, आता गाठियाची गाडी लाव, म्हणजे जत्राच भरेल.

झोपाळा कुणी दिला, ते वालजी सांगत नव्हता. तो उतरवला तर देणाऱ्याला काय तोंड दाखवायचं, हा एकच घोर त्याला लागला होता.

पुनवेच्या आदल्या सकाळी तो पाना घेऊन चौकटीवर चढला. बोल्ट सैल करतो आहे, तोच फाटकातून हाक आली. बापांच्या घरून निरोप होता. डाहीमा गेल्या. बापांची बायको. देवापुढे दिवा लावायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

 वालजीने बोल्ट पुन्हा घट्ट आवळला, खाली उतरला आणि लाकडं रचायला लागला.

अंत्ययात्रा आली. रिवाजाप्रमाणे बायका विसाव्याच्या पिंपळापासूनच मागे फिरल्या. इथल्या बाईला स्मशानात यायचं तर ते चौघांच्या खांद्यावरूनच. मुलाने अग्नी दिला. बापा कट्ट्यावर टेकले, एवढ्यात वारा फिरला आणि सगळा धूर कट्ट्यावर आला. माणसं उठून लांब गेली आणि उकिडवी बसली. बापांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. ते खोकत, काठीच्या आधाराने उभेच राहिले. धुराबाहेर त्यांना बसता येईल अशी एकच जागा होती. मुलाने दंडाला धरून त्यांना तिकडे नेलं, तेव्हा नाही म्हणायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

ते बसले. झोपाळा हलला. कडी करकरली.

बापांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग अंगठ्याने अलगद रेटा दिला. पुन्हा तीच करकर, जाताना लांब, येताना तुटकी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दुपारी ते आत आडवे व्हायचे, बाहेर ओसरीवर ती झोपाळ्यावर भाजी निवडत बसायची, आणि हा आवाज आत यायचा. झोपमोड होते म्हणून ते तिच्यावर कितीदा खेकसले होते. शेवटी त्यांनी राजकोटहून नवा आणला. जुन्याचं काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

वालजी जवळ येऊन उभा राहिला.

"कुणी दिला हा?" बापांनी विचारलं.

"नाव सांगायचं नाही, असं वचन दिलंय, बापा."

"कुणाला?"

वालजीने चितेकडे पाहिलं. बापांनीही पाहिलं.

मग वालजी हळूहळू सांगू लागला. डाहीमांनी त्याला मागच्या दारी बोलावून घेतलं होतं. घरातल्यांनी ओळखू नये म्हणून रंग द्यायला सांगितलं होतं. बापांचा राग मी शांत करते, तू टांग, असं म्हणाल्या होत्या.

"म्हणाल्या, आम्हा बायकांना काही आत येता येत नाही, वालजी. पण माझ्या वेळेला यांना तिथे बसावं लागेल. यांना उकिडवं बसवत नाही."

 बापा फळीच्या एका कडेला सरकले आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात ठेवला. वारा पुन्हा फिरला, कट्टा मोकळा झाला, माणसं तिकडे परतली. बापा उठले नाहीत. चिता शांत होईपर्यंत कडी करकरत राहिली.

निघायची वेळ झाली. निघताना मागे वळून पाहायचं नसतं, म्हणून सगळे खाली बघत चालू लागले. चौकटीच्या पायाशी सकाळचा पाना तसाच पडला होता. वालजीने तो उचलला. उद्या सभा होती. काय करायचं, हे आज विचारावं की नाही, ते त्याला कळेना.

फाटकाशी बापा थांबले. मुलगा घाबरला, आता हे वळतात की काय. बापा वळले नाहीत.

"वालजी," ते पाठमोरेच म्हणाले, "त्या कडीला तेल घालू नकोस."