संचामागची पुस्तकं

मुख्याध्यापकांनी बोधकथांच्या जाडजूड संचाच्या मागणीपत्रावर सही करायला पेन उघडलं, तोच ग्रंथालयाच्या बाईंनी टेबलावर नऊ फाटकी पुस्तकं ठेवली. "सर, यंदा असली मागवायची." "ही रद्दी कुठून आणलीत?" "गेल्या वर्षीच्या संचामागून. कपाट झाडताना सापडली. दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून पोरं आवडतं पुस्तक तिथे दडवतात. तो संच कोणी हलवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक." "पण यात बोध काय?" "मी नाही सांगणार. एक पान वाचा, मगच सही करा." सर कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. घंटा झाली, चहा निवला, पानं उलटत राहिली. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सरांनी पुस्तक मिटलं, पण बोट आतच ठेवलं. "असलीच मागवा. आणि नवा संच?" "जुना आहे की. पोरांना आडोशाला तेवढा पुरतो."