उजवा बूट

‘आईला एकटं टाकू नकोस.’

नवऱ्याचा तो आवाज सुनेच्या कानात अजून जसाच्या तसा होता. दवाखान्यातल्या उशीवरून आलेला, अर्धा श्वास आणि अर्धे शब्द. ‘नाही टाकणार,’ असं तिने तेव्हा म्हटलं होतं. जाणाऱ्या माणसापुढे दुसरं काय म्हणतात? आज कंपनी नोंदणीच्या कचेरीत हातात पेन धरून बसली असताना तो पुन्हा ऐकू आला, आणि पेन कागदावर टेकेना.

सासूबाईंची सही कधीच झाली होती. सावकाश, एकेक अक्षर जोर देऊन काढलेली. खिडकीची काच धुळीने आंधळी झाली होती. भर दुपारीही दिवा लावून बसलेला कारकून चहाचा कप पुढ्यात ठेवून दोघींकडे पाहत होता.

“आजी, दोन बायकांचं बुटांचं दुकान, त्याला कंपनी कशाला? असंच चाललं तर उद्या आमच्या घरची मांजरसुद्धा संचालक व्हायची.”

“होऊ दे की,” सासूबाई म्हणाल्या. “सही करता आली म्हणजे झालं.”

कारकून हसला. सुनेला हसू आलं नाही.

दुकान साधं नव्हतं. ज्याचा एक पाय आखूड, वाकडा किंवा अर्धाच, अशांसाठी तिथे बूट होत. डावा बूट सासूबाई करायच्या, उजवा त्यांचा मुलगा. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम होता, जोड एका हाताने करायचा नाही. अधू माणसाचे दोन पाय म्हणजे दोन वेगळी माणसं, आणि एकच हात दोघांना सारखं करू बघतो. मुलगा गेला तेव्हा त्याच्या जागेवर सून बसली. बोटं सोलवटून निघाली, पण उजवा बूट हळूहळू तिच्या हाताला आला. गेल्या थंडीत ती तापाने पडली आणि सासूबाईंनी एक जोड एकटीने पुरा केला. जोड कसा देखणा! गिऱ्हाईक तो घालून दाराबाहेर पडलं आणि तिसऱ्या पायरीवर कोसळलं. अंथरुणातून सुनेने तो आवाज ऐकला, आणि मनातली एक वाट स्वतःच्या हाताने बुजवून टाकली.

वाट होती, हेच तर दुःख. बुटांसाठी पायाचे लाकडी साचे करून देणारा सुतार विधुर होता. एकदा साचे उतरवून ठेवताना, मान वर न करता, त्याने तिला विचारलं होतं. “घाई नाही,” एवढंच वर म्हणाला होता. तिने अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पण भिंतीला कान असतात, आणि सासूबाईंना तर डोळेही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी हे कंपनीचं टुमणं लावलं. ‘आपण दोघी संचालक. कायद्याने पक्कं.’ सुनेने ओळखलं, हे दावं आहे. गळ्यात घालायचं, तेही सरकारी शिक्का मारून.

तिने मनातल्या मनात हात जोडले आणि सही केली. आता बोललेला शब्द पुरा झाला, असं तिला वाटलं. बरं मात्र वाटलं नाही. विहिरीत टाकलेल्या दगडासारखं आत काहीतरी खाली खाली जात राहिलं.

कारकुनाने कागद ओढून घेतले. शिक्का उचलला.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला तुम्ही सांगितलं होतंत, ते पुन्हा सांगा. नुसत्या भागीदारीत दोघांतलं एक उठलं तर?”

“तर दुकान मोडतं.”

“आणि कंपनीत?”

“त्याच्या जागी दुसरा नेमायचा. कंपनी चालूच. अहो आजी, मालक मेला तरी कंपनी मरत नाही.”

“मरायचं कुणालाच नाहीये,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “हिला जायचंय.”

शिक्का कागदावर पडला.

बाहेर कचेरीच्या पायऱ्यांवर गार वारा होता. आभाळ राखेच्या रंगाचं. सुनेने सासूबाईंना पहिल्याच पायरीवर थांबवलं.

“आई, मी कुठेही जायचं म्हटलेलं नाही.”

“म्हणशील कशी? तो तुझ्याजवळ काय बोलला ते दाराआडून ऐकलंय मी.” सासूबाई कठड्याला टेकल्या. “तू पाणी आणायला गेलीस, तेव्हा माझा हात धरला त्याने. म्हणाला, ‘आई, तिला अडकवून ठेवू नकोस.’ मीही हो म्हटलं. दोघींकडून दोन उलटे शब्द घेऊन गेला बघ. लबाड होता लहानपणापासून.”

त्या हसायला गेल्या, पण ते त्यांना जमलं नाही.

“आणि उजवा बूट कोण करणार?” सुनेने विचारलं. “तुमच्या एकटीच्या हाताने…”

“पगारी माणूस ठेवीन. तू काय आईच्या पोटातून शिकून आली होतीस? कंपनी आहे म्हटलं आता, चेष्टा नाही.” मग आवाज उतरला. “जेवायला मात्र एकटीच बसेन. त्याला कायदा नाही.”

सुनेने त्यांचा हात धरला. सासूबाईंनी तो जरा वेळ राहू दिला, मग हलकेच सोडवून घेतला. शाल डोक्यावरून ओढून घेतली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या खाली उतरल्या आणि दुकानाच्या रस्त्याला न वळता सुताराच्या गल्लीला लागल्या.