विचारणारं कुणी नाही

गर्दीने तिला वाट करून दिली. पहिला घाव तिचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

इस्त्रीवाली मावशी दुकानातलं लाकडी स्टूल घेऊन आली होती. त्या स्टुलानेच ती मारणार, असंही कुणाला वाटलं असेल. पण तिने ते नळवाल्याच्या बंद दारासमोर ठेवलं, दाराकडे पाठ केली आणि बसली. पदराने घाम पुसला. मग समोरच्या एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली.

दाराआड नळवाल्याचा थोरला होता. त्यानेच तिच्या एकुलत्या एका पोराचा जीव घेतला होता. भांडण कशावरून, तर गल्लीत स्कूटर कुणी कुठे लावायची यावरून. शब्दाने शब्द वाढला आणि याच्या हातात पाइप आवळायचा पाना होता. खटला चालला तेव्हा मावशी दर तारखेला दुकान बंद ठेवून कोर्टाच्या बाकावर जाऊन बसायची. लांबलचक शिक्षा झाली. त्या दिवशी, पोर गेल्यापासून पहिल्यांदा, ती पोटभर जेवली.

आता कोर्टच उरलं नव्हतं. आधी मंत्री पळाले, त्यांच्यामागे साहेब, साहेबांमागे शिपाई. पोलीस चौकीला कुलूप लागलं. मावशीच्या दुकानात पोलिसांचे गणवेश कडक इस्त्री होऊन लटकत राहिले. न्यायला कुणी आलं नाही.

सुरुवातीला सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. लुटालूट होईल, बायाबापड्यांना घराबाहेर पडता येणार नाही, असं वाटत होतं. झालं उलटंच. लोकांनी आपणहून कचरा उचलला. पाण्याच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढे घेतलं. आळीपाळीने पहारा दिला. चौकातला दिवा गेला तर वायरमनने कुणी न सांगता जोडून दिला. निवृत्त मास्तर चहाच्या दुकानात बसून सांगायचे की माणूस मुळात शहाणाच असतो, सरकारने त्याला उगाच कडेवरच्या पोरासारखं वागवलं. लोकांना ते पटत होतं. इतकी वर्षं आपण कुणाला तरी फुकट डोक्यावर बसवून घेतलं, असं जो तो म्हणत होता.

मग तुरुंगाचे पहारेकरी फाटक उघडं टाकून निघून गेले, आणि नळवाल्याचा थोरला घरी आला.

सकाळी रांगेत म्हाताऱ्यांच्या बादल्या भरून देणारेच हात संध्याकाळी सळया घेऊन उभे होते. सगळ्यांत पुढे मावशीचा धाकटा दीर. पुतण्याला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"वहिनी, बाजूला व्हा," तो म्हणाला. "आता विचारणारं कुणी नाही."

"मी आहे ना, भाऊजी. मी विचारते." तिचा आवाज चढला नव्हता. "पहिला घाव कोण घालणार, तेवढं सांगा. कुणाच्या आईला जाऊन सांगायचं, बाई गं, तुझ्या पोराने माणूस मारला, ते मला कळायला हवं."

मग तिने एकेकाला विचारायला घेतलं. वायरमनला विचारलं, तू का? त्याची आई समोरच्याच खिडकीत उभी होती. त्याने वर पाहिलं आणि सळई पाठीमागे नेली. दूधवाला म्हणाला, आम्ही सगळे मिळून मारणार. सगळे मिळून कुणी मारत नसतं, ती म्हणाली, एकाचा हात आधी लागतो. मागून कुणीतरी म्हणालं की म्हातारीला स्टुलासकट उचलून बाजूला ठेवा. तिने त्याला पुढे येऊन उचलायला सांगितलं. तो काही पुढे आला नाही, पण त्याच बाजूने एक दगड आला आणि तिच्या खांद्यावर बसला.

तिने खांदा दाबून धरला. ओठ आवळले. जागची मात्र हलली नाही.

दीर गर्रकन मागे फिरला. दगड कुणी मारला, असं त्याने विचारलं. सगळे खाली बघू लागले. त्याने पुन्हा विचारलं. हातातली सळई त्याने कधी टाकली, ते त्यालाही कळलं नसावं. वहिनीच्या शेजारी जाऊन तो उभा राहिला.

आता विचारणारी दोन माणसं झाली होती. मागचे लोक हळूच पांगायला लागले. ते गेल्यावर मधल्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटलं, मग तेही निघाले. शेवटी मास्तर तेवढे पुढे आले. इतकी मोठी क्षमा आपण जन्मात पाहिली नाही, असं म्हणाले. मावशीने फक्त पाणी मागितलं.

दिवे लागले. दीर पाण्याचा तांब्या ठेवून खांद्याला लावायला औषध आणायला गेला. तेवढ्यात तिच्या पाठीमागचं दार किलकिलं झालं आणि नळवाल्याचा थोरला बाहेर आला. तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही मला माफ केलंत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तुरुंगात त्याचे कानशिलावरचे केस पिकले होते. तिच्या पोराचे कधीच पिकणार नव्हते.

"माफ नाही केलं," ती म्हणाली. "तुझी निम्मी शिक्षा राहिलीय. आज ना उद्या कोर्ट उघडेल, तुरुंगाला फाटक लागेल. तेव्हा मीच तुला हाताला धरून तिथे नेणार. तोवर कुणाच्या हातून तुला मरू द्यायची नाही मी. जा, आत जाऊन जेव."

तो आत गेला. मावशी उठली, तिने स्टूल फिरवलं आणि दाराकडे तोंड करून बसली.