हरवलेलं 'अहो'

"आता यांना हाक मारा बघू," थेरपिस्ट म्हणाली.

दाराबाहेर उभा असलेला फ्रेमवाला कान टवकारून ऐकत होता. आत त्याच्या बायकोने डोळे मिटले, ओठ हलवले, शब्द शोधला आणि मोठ्याने म्हणाली, "अरे, ये!"

तो लगेच आत आला. थेरपिस्टने कपाळाला हात लावला. "काका, 'अहो' ऐकू आल्याशिवाय यायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

फ्रेमवाला ओशाळून पुन्हा बाहेर गेला.

मेंदूतल्या रक्तस्रावातून बायको वाचली, पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढू लागला आणि शब्दांची पार दाणादाण उडाली. हातोडीला ती चमचा म्हणायची, चहाला कात्री. हळूहळू हातोडी परत आली, चहाही परत आला. 'अहो' मात्र गेलं ते गेलंच, आणि जाताना 'तुम्ही'लाही सोबत घेऊन गेलं. लग्न झाल्यापासून जिने नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती, ती आता बिनदिक्कत "खिळे आण रे" म्हणत होती. नवऱ्यापुरतं ते ठीक होतं. पण त्यांच्या फ्रेमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती तोच मान द्यायला लागली. एक मुख्याध्यापक आपला फोटो फ्रेम करायला घेऊन आले. तिने फोटो पाहिला, त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "तू यात बरा दिसतोस." मुख्याध्यापक फोटो काखेत मारून तरातरा निघून गेले.

तेव्हापासून लेकीने आईला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं. लेक काही वाईट नव्हती; दुकान तर चालायला हवं होतं. पण काउंटर म्हणजे बायकोचा जीव. कुठल्या चित्राला फ्रेमची कुठली पट्टी शोभेल हे तीच सांगायची आणि गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकायचं. आता ती मागे बसून डाव्या हाताने पट्ट्यांना पॉलिश करायची आणि बाहेर कुणी आलं की मान लांब करून बघायची.

घरचा अभ्यास त्याने करून घ्यायचा होता. 'अरे' म्हटलं तर ओ द्यायची नाही, एवढाच काय तो अभ्यास. तेवढाही त्याला जमत नव्हता. हॉस्पिटलात कितीतरी दिवस मुकी राहिल्यावर बायकोच्या तोंडून जे पहिलं वाक्य आलं, ते होतं, "अरे, रडतोस काय?" इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. 'अहो' ऐकताना आपण आपल्याच घरी पाहुणे आहोत असं वाटायचं, हे त्याला 'अरे' ऐकल्यावर कळलं. आता ती "वेडा आहेस का रे?" म्हणायची आणि हा गालातल्या गालात हसायचा.

'अहो' परत आलं तर तिला काउंटर मिळणार होतं आणि त्याचं हे सुख जाणार होतं. बायको बरी होऊ नये असं आपल्याला वाटतंय की काय, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटायची. मग तो ठरवायचा, उद्यापासून अजिबात ओ द्यायची नाही. उद्या ती "अरे" म्हणायची आणि हा हजर.

शेवटी लेकीनेच निकाल लावला. "बाबा, सोमवारपासून काउंटरला एक मुलगी येतेय. सांगून टाकलंय मी तिला."

मागच्या खोलीत फडक्याचा आवाज थांबला. फ्रेमवाल्याला तिकडे बघायचा धीर झाला नाही.

त्याच दुपारी एक वयस्कर बाई काच तडकलेली तसबीर घेऊन आल्या. त्यांना चांगलाच दम लागला होता. लेक फोनवर होती, फ्रेमवाला काउंटरशेजारी काच कापत होता. एवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? बाईंना... आधी खुर्ची द्या. आणि बाई, ही सोनेरी पट्टी... काढून टाका तुम्ही. साधी काळी शोभेल."

लेकीच्या हातून फोन पडायचाच राहिला. "आई! म्हणालीस! 'अहो' म्हणालीस!" तिने आईला मिठी मारली. खुर्चीत बसलेल्या बाईंना काही उमगेना, पण काळी पट्टी त्यांना पटली. डोळे पुसत लेक म्हणाली, "त्या मुलीला नको म्हणून कळवते आत्ताच."

फ्रेमवाला हसला, त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग खिळे आणतो म्हणून मागच्या खोलीत गेला. खिळे त्याच्या खिशातच होते. आपण आनंदाने रडतोय की कशाने, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने बायको पाय ओढत आत आली. त्याने घाईघाईने तोंड पुसलं. "छान झालं हं. सापडला एकदाचा शब्द."

"कधीचाच... सापडलाय."

"काय? मग बोलली का नाहीस? काउंटर सोडून इथे बसून राहिलीस ती?"

"आता म्हणेन. बाहेर म्हणेन," ती म्हणाली. "इथे नाही."

"का गं?"

शब्द जुळवता जुळवता डाव्या हाताने तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"'अहो' म्हटलं की... तुम्ही यायचात. 'अरे' म्हटलं की तू येतोस."